सगळ्यांनी वाइन घेतली, मी लाइम सोडा, आणि बिल मात्र सारखं

पत्र थोडक्यात, नाव-गाव काढून:

वाचक मैत्रीण ३६ वर्षांची आहे, लंडनच्या बाहेर एका छोट्या टाऊनमध्ये नऊ वर्षं राहते. आधीच्या नोकरीतल्या पाच मैत्रिणी आणि ती, अशा सहा जणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्या घराजवळच्या गॅस्ट्रोपबमध्ये, म्हणजे चांगलं जेवण देणाऱ्या पबमध्ये, जेवायला भेटतात. साडेबाराला बसतात ते साडेचार-पाचला उठतात. ती शाकाहारी आहे, दारू घेत नाही. बाकीच्या स्टार्टर्स, रोस्ट (भाजलेलं मांस, बटाटे, ग्रेव्ही असं इथलं रविवारचं ताट), वाइन असं सगळं मागवतात, शेवटी एकजण कार्ड लावते आणि संध्याकाळी ग्रुपवर सहाने भागून आकडा टाकते. मागच्या वेळी हिचं स्वतःचं झालं सर्व्हिस चार्ज धरून २३ पौंडांचं आणि दिले ४६. "बोलायला गेलं तर छोटेपणाचं वाटतं, आणि नाही बोललं तर घरी येईपर्यंत डोक्यात तेच." नवरा म्हणतो, "४६ पौंडात बटाटे खाऊन आलीस." शिवाय रविवारची दुपार गेली म्हणजे कपडे, आठवड्याच्या भाज्या, मुलाचा मराठी शाळेचा अभ्यास सगळं रात्रीवर. जाता जाता तिने हेही लिहिलंय की परतताना दोघींना गाडीने घरी सोडते तीच, आणि तीन वर्षांपूर्वी तिचे बाबा गेले, लगेचचं विमान मिळेना, तेव्हा यातल्याच तिघी रात्रभर तिच्याजवळ बसून होत्या. प्रश्न असा: "ताई, मी जाणं बंद करू का? आणि केलं तर कारण काय सांगू?"

...

अगं, पत्रात ताई म्हटलंयस म्हणून मी सरळ अगं-तुगंवरच येते.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की हे पैशांचं आहे. दुसऱ्यांदा वाचताना त्या गाडीच्या ओळीवर थांबले. पूर्ण पानभर तू बिलाचा हिशोब मांडलायस आणि दोघींना घरी सोडण्याचा उल्लेख मात्र "तसं काही नाही, वाटेतच आहे" असं म्हणून एका ओळीत उरकलायस. मला वाटतं खरं दुखणं तिथे आहे. तू पीत नाहीस म्हणून गाडी तू चालवायची, तू पीत नाहीस तरी बाटलीचे पैसे मात्र तू द्यायचे, आणि या दोन्ही गोष्टी कुणाच्या लक्षातही येत नाहीत. त्यामुळे २३ पौंड परत मिळाले तरी तुझं समाधान होईल असं मला वाटत नाही, कुणाच्या तरी लक्षात यायला हवंय ते.

पण आधी पैशांचंच बोलू, कारण तू चार वेळा "एवढ्याशा पैशांसाठी" असं लिहिलंयस आणि मला ते मान्य नाही. महिन्याला २३ पौंड जास्तीचे म्हणजे वर्षाचे २७६. आणि सहा जणींचं ४६ प्रमाणे एका रविवारचं पूर्ण बिल किती, तर तेही २७६. म्हणजे वर्षातून एकदा सहाही जणींचं जेवण, वाइनसकट, तू एकटी देतेस आणि त्याबद्दल कुणी तुला थँक्यू सुद्धा म्हणत नाही, कारण ते कुणाला माहीतच नाही. हे एवढंसं नाहीये. घरभाडं, नर्सरी, इंडियाची तिकिटं यातून जो घरखर्च चालवतो त्याला हे दिसणारच, त्यात कंजूषपणा काही नाही.

आता तुझी जी गृहीतकं आहेत त्यातलं पहिलं. तू लिहितेस, "त्यांना कळायला नको का?" कळायला हवं, पण कळत नाही गं, आणि हे मी पलीकडच्या बाजूला बसलेली बाई म्हणून सांगतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही उत्तरेकडे राहायचो तेव्हा आमचाही असाच रविवारचा ग्रुप होता, आणि मी वाइन घेणाऱ्यांतली. त्यातली एकजण हळूहळू यायची बंद झाली, कधी मुलाला बरं नाही, कधी पाहुणे, आणि आम्ही म्हणायचो की ती बदलली, तिला नवीन मैत्रिणी मिळाल्या असतील. दोनेक वर्षांनी कुणाच्या तरी वास्तुशांतीला भेटली, किचनमध्ये आम्ही दोघी पुऱ्या लाटत होतो, आणि ती लाटणं न थांबवता म्हणाली, "शुक्रवार आला ना की माझ्या पोटात गोळा यायचा, या रविवारी किती होतील म्हणून." मला त्या क्षणी आठवलं की ती कायम सूप मागवायची. दोन वर्षं माझ्यासमोर बसून सूप प्यायली आणि मी एकदाही विचारलं नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं. आम्ही वाईट होतो असं नाही, आमचा ग्लास भरलेला असायचा आणि गप्पा रंगलेल्या असायच्या, समोरच्याच्या ताटाकडे लक्षच जायचं नाही. तुझ्या पाच जणींचंही बहुतेक हेच आहे. ज्या बायका बाबा गेल्यावर रात्रभर बसल्या त्या तुला लुटायला बसलेल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक वेळी कार्डचं मशीन आल्यावर विचारलं असणार "सगळ्यांना चालेल ना सारखं?" आणि तू म्हणाली असणार "हो हो, चालेल." तीन वर्षं तू त्यांना चालेल म्हणून सांगतेयस.

दुसरं गृहीतक, की हिशोब वेगळा मागणं म्हणजे छोटेपणा. हे आपल्याकडून आलंय. आपल्याकडे बिल आलं की ते हिसकावून घ्यायचं असतं, "अहो राहू दे, मी देतो" म्हणत काउंटरवर झटापट होते, त्यात पैशांबद्दल बोलणं म्हणजे तोंड काळं करण्यासारखं. पण आपल्याकडेच टीटीएमएम पण आहे की, तुझं तू माझं मी, कॉलेजात कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. आणि इथल्या पबात तर राऊंडची पद्धत, एकदा तू सगळ्यांसाठी घे, एकदा मी, त्याचंच पुढचं रूप म्हणजे हे सहाने भागणं. पण राऊंडमधून बाहेर राहणं ही सुद्धा इथली जुनीच पद्धत आहे. जो गाडी चालवणार आहे किंवा पीत नाही तो पहिल्यांदाच सांगतो की मी माझं घेतो, आणि पुढे कुणी त्यावर चर्चा करत नाही. तेव्हा तू काही जगावेगळं मागणार नाहीयेस.

एक गंमतीची गोष्ट सांगते, म्हणजे मला तरी ती फार उपयोगाची वाटते. गॅस्ट्रोपब हा शब्द ज्या जागेवरून रूढ झाला ती लंडनमधली द ईगल, फॅरिंगडन रोडवर, १९९१ साली डेव्हिड आयर आणि माइक बेल्बन या दोघांनी सुरू केली. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८९ मध्ये, सरकारने मोठ्या ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या, कंपन्यांना त्यांच्याकडचे बरेचसे पब सोडायला लावले होते, त्यामुळे फारसा पैसा नसलेल्या लोकांनाही पब चालवायला मिळू लागला. यांनी काय केलं, तर बारच्या मागेच स्वयंपाक, फळ्यावर खडूने लिहिलेला मेन्यू, आणि ऑर्डर बारपाशी जाऊन द्यायची, पैसे तिथेच. ज्याने त्याने उठायचं, आपलं सांगायचं, आपलं द्यायचं. म्हणजे या जागांचा मूळ स्वभावच टीटीएमएमचा आहे बघ. टेबलावर येणारं एकच बिल, बुकिंग, बिलाचं ते छोटं पाकीट आणि बिलावर सर्व्हिस, हे रेस्टॉरंटचं वळण त्याला हळूहळू लागत गेलं. तुझ्या पबात अजूनही बारपाशी ऑर्डर देता येत असेल किंवा टेबलावरच्या क्यूआर कोडवरून आपापलं मागवता येत असेल तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला, बसल्या बसल्या आपला लाइम सोडा आणि आपलं जेवण आपल्या फोनवरून मागवायचं.

नसेल तर बोलावं लागेल. आणि माझं ठाम मत आहे की ते ऑर्डरच्या आधी बोलायचं, बिल आल्यावर कधीच नाही. बिल आल्यावर बोललीस की तीन तासांचा पूर्ण आनंद त्या कागदावर येऊन बसतो, प्रत्येकीला वाटतं की आपण जे प्यायलो ते हिने मोजत ठेवलं. आधी बोललीस की ती फक्त एक सोय असते. गुरुवारी-शुक्रवारी जेव्हा ग्रुपवर "कोण कोण येतंय" सुरू होतं तेव्हाच टाक, इंग्रजीत टाकशील पण मजकूर साधारण असा, "मी येतेय, वाट बघतेय. एक सांगायचं होतं, मी पीत नाही आणि माझं खाणंही कमी असतं, तर यापुढे माझं बिल मी वेगळं घेईन, पबला सुरुवातीलाच सांगून ठेवते." बस. सॉरी नको, नवऱ्याचं नाव नको, "सध्या जरा टाइट आहे" वगैरे खोटं तर मुळीच नको, कारण मग त्या म्हणतील की अगं आम्ही देतो तुझं, आणि तुला ते त्याहून लागेल. आणि खरंच पोचल्यावर वेटरला आधीच सांग की माझं वेगळं बिल, शेवटी वेगळं करायला त्यांना त्रास होतो, आधी सांगितलं तर बहुतेक जागी काहीच अडचण येत नाही.

सर्व्हिसबद्दल एक. लंडन आणि आसपास बिलावर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो आणि तो बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो, म्हणजे काढायला सांगता येतो. आत्तापर्यंत तू दुसऱ्यांच्या वाइनवरचाही सर्व्हिस देत होतीस. पण स्वतःच्या २०-२१ पौंडांवरचा काढू नकोस असं माझं म्हणणं, सर्व्हिस वाईट असेल तर गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०२४ पासून इथे कायदाच आहे की टिप आणि सर्व्हिसचे पैसे मालकाला ठेवता येत नाहीत, ते काम करणाऱ्यांनाच मिळायला हवेत. तुमच्या सहा जणींचं टेबल चार तास सांभाळणारी ती पोरगी बहुतेक शिकतेय आणि वीकेंडला काम करतेय, तिचे दोन-अडीच पौंड वाचवून आपण काही मिळवत नाही.

आता नवऱ्याचं वाक्य. तो तुला टोचण्यासाठी बोलत असेल असं मला पत्रावरून वाटलं नाही, पण त्याच्या बोलण्यातली बटाट्यांची गोष्ट मात्र तू मनावर घे, वेगळ्या कारणासाठी. तू लिहिलंयस, "मी नेहमी व्हेज रोस्ट घेते, त्यात प्रश्नच नसतो." प्रश्न असतो गं. पबातले रोस्ट बटाटे अनेकदा गूज फॅटमध्ये नाहीतर बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे चरबीत भाजलेले असतात, म्हणून तर ते बाहेरून एवढे कुरकुरीत होतात. तेच बटाटे सगळ्यांच्या ताटात जातात, नट रोस्टच्या, म्हणजे सुक्यामेव्याच्या शाकाहारी रोस्टच्या, ताटातही कधी कधी. रोस्टबरोबर जे फुगलेलं यॉर्कशायर पुडिंग येतं त्यात अंडं असतंच, आणि ते भाजतानाही कुणी ड्रिपिंग वापरतं. ग्रेव्ही हाडांच्या स्टॉकची असू शकते. रिसोट्टोवर (इटालियन भातावर) किसलेलं पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने, बनतं. पबला अॅलर्जीची जी माहिती द्यावी लागते ती १४ ठरलेल्या गोष्टींची, त्यात अंडं, दूध, मासे आहेत, पण चरबी नाही, म्हणून ते छोट्या अक्षरातलं सगळं वाचूनही तुला बटाट्यांचं कळणार नाही. तुला यातलं काय चालतं काय नाही ते तुझं तू ठरव, मी सोवळं शिकवत नाहीये. पण तीन वर्षं एका जागी जाऊन तू एकदाही विचारलं नाहीस, आणि मला वाटतं त्याचं कारण तेच आहे जे बिलाबद्दल न बोलण्याचं आहे, आपल्यामुळे कुणाला वेगळं काही करावं लागू नये. गुरुवारी दुपारी, गर्दी नसते तेव्हा, पबला फोन कर आणि विचार की बटाटे कशात भाजता, माझ्यासाठी चार तेलात भाजाल का, व्हेज ग्रेव्ही वेगळी आहे का. आधी सांगितलं की किचनमध्ये करतात. रविवारी एक वाजता भर गर्दीत विचारलंस तर त्या बिचाऱ्यांच्या हातात काही नसतं. ही सवय बिलाच्या मेसेजपेक्षा सोपी आहे, म्हणून हीच आधी कर, बोलायचा सराव होतो.

राहिली दुपार. तू म्हणतेस चार तास "नुसतं बसण्यात" जातात. महिन्यातले चार तास. नुसतं बसणं ही गोष्ट या देशातही रविवारी सहज मिळालेली नाहीये, १९९५ पर्यंत इंग्लंडात रविवारी दुपारी तीनला पबचा बार बंद व्हायचा तो संध्याकाळी सातला उघडायचा, त्यामुळे जेवण झाल्यावर पाच वाजेपर्यंत तिथेच रेंगाळायचं हे लोकांना कायद्याने मिळालं त्याला फार वर्षं झाली नाहीत. मला खरं विचारशील तर तुझ्या पूर्ण पत्रात मला सगळ्यात आवडलेली ओळ ही, "तीनच्या सुमारास प्लेट्स उचलून नेतात, बाहेर अंधारून आलेलं असतं, कुणीतरी चहा मागवतं आणि मग खऱ्या गप्पा सुरू होतात." ही ओळ लिहिणारी बाई जाणं बंद करू इच्छित नाही. आणि कपडे, भाज्या, मराठी शाळेचा अभ्यास हे त्या एका रविवारी नवऱ्याने करावं की, बटाट्यांचा भाव त्याला माहीत आहे तर पालक निवडणं पण जमेल. हे मी चिडून नाही म्हणत, खरंच त्याला सांग, की पहिल्या रविवारी घरचं तू बघ, दुसऱ्या रविवारी मी.

तरीही चार तास जास्त होत असतील तर एक मधला मार्ग आहे जो मी स्वतः मुलं लहान असताना वापरायचे. घरी वरण-भात जेवायचं आणि अडीच-पावणेतीनला पुडिंगच्या, म्हणजे शेवटच्या गोडाच्या, वेळेला जायचं. स्टिकी टॉफी पुडिंग आणि कॉफी, स्वतःचं पूर्ण जेवणापेक्षा बऱ्याच कमी पैशांत होतं, आणि नेमक्या खऱ्या गप्पांना तू हजर. कुणालाही यात वावगं वाटत नाही. दर महिन्याला नको असेल तर एक महिनाआड जा. आणि कधीतरी जागा बदलायलाही सुचव, साउथॉलकडे आणि बर्मिंगहॅमच्या बाजूला स्मेदिकमध्ये देसी पब आहेत, पंजाबी लोकांनी चालवलेले, जिथे मिक्स्ड ग्रिल आणि पनीर टिक्का मिळतो. १९६० च्या दशकात बऱ्याच पबांत आपल्या लोकांना धड आत घेत नसत, तेव्हा त्यांनी आपल्या जागा केल्या, त्यातून हे पब आले. एकदा त्या पाच जणींना तुझ्या ओळखीच्या चवीच्या टेबलावर बसू दे. फक्त "मग मीच सगळ्यांना घरी जेवायला बोलावते" असं मात्र लगेच करू नकोस, आपण मराठी बायका कुठलाही प्रश्न वीस पोळ्या लाटून सोडवायला जातो, आणि मग त्या रविवारी कोण दमतं ते तुला माहितीये.

ज्या वाचकांनी हे दुसऱ्या बाजूने वाचलं, म्हणजे ज्यांच्या ग्लासात वाइन असते, त्यांनाही सांगते. मशीन येण्याआधी एकदा टेबलावर नजर टाका. कोण पाणी पितंय, कुणाची नुकती नोकरी गेली आहे, कोण गाडी चालवणार आहे. "चालेल ना सारखं?" असं सगळ्यांसमोर विचारू नका, त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. सरळ म्हणा, ड्रिंक्सचं आम्ही चौघं बघतो, जेवणाचं आपापलं. जो बिल हातात घेतो त्याने हे म्हटलं तर दुसऱ्या कुणाला तोंड उघडावंच लागत नाही. आणि जो सोडायला येतो त्याच्या कॉफीचे पैसे तुम्ही द्या.

आता गाडीचं. तुझ्या गाडीत दर वेळी शेवटी कोण उतरतं? तू लिहिलंयस की एकीला आधी सोडतेस आणि दुसरी, जी बाबांच्या वेळी आली होती, ती तुझ्या घराच्या अलीकडच्याच वळणावर राहते. मग ग्रुपवर मेसेज टाकायच्या आधी तिला सांग. समोर बघत गाडी चालवताना अवघड गोष्टी बोलायला सोप्या जातात, एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. म्हण, की मला एक खूप दिवसांपासून सांगायचंय, बिल सारखं वाटतो ते मला जड जातं, आणि सोडायला मला आवडतं पण कधीतरी तुम्हीही टॅक्सीने जा म्हणजे मला मागे थांबून निवांत चहा घेता येईल. एवढं म्हण आणि गप्प बस. तिला तिच्या दारापर्यंत वेळ दे. ती आधी थोडी ओशाळेल, "अगं मग आधी का नाही बोललीस" म्हणेल, कदाचित थोडी चिडेलही, ते होऊ दे. बहुतेक ती गाडीतून उतरल्यावर लगेच दार लावणार नाही, तशीच दार धरून पाच-दहा मिनिटं बोलत उभी राहील. तेव्हा इंजिन बंद कर.

तुझी,
ताई